थवा किती सावध? नांदूरमध्यमेश्वरला मोजून पाहण्याची पद्धत

दोन माणसं, एक दुर्बीण, एक स्टॉपवॉच आणि एक वही. थव्याची सावधता मोजायला एवढं पुरतं. एकाने दुर्बिणीतून एकाच पक्ष्यावर नजर धरायची आणि "वर", "खाली" एवढंच म्हणायचं. दुसऱ्याने ते वेळेसह लिहायचं. बाकी जे काही आहे ते या दोन शब्दांचा अर्थ नीट ठरवणं, कोणता पक्षी निवडायचा हे ठरवणं आणि आलेल्या आकड्यांनी स्वतःची फसवणूक होऊ न देणं. या शेवटच्या गोष्टीला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

नाशिककरांसाठी याहून चांगली जागा नाही. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे नांदूरमध्यमेश्वरचं पाणी पसरलं आहे. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ, म्हणजे रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. हिवाळ्यात इथे बदकं, वारकरी, क्रौंच, शराटी एकाच नजरेत मिळतात आणि त्यांच्यावर टपलेला दलदल भोवत्याही पाणकणसावरून फिरताना दिसतो. सावज आणि शिकारी एकाच चौकटीत दिसतील अशा जागा फार नाहीत.

आधी प्रश्न ठरवा

"कळपात राहिलं की जीव वाचतो" हे वाक्य सगळे म्हणतात, पण ते मोजता येत नाही. कळपामुळे जीव वेगवेगळ्या वाटांनी वाचतो आणि प्रत्येक वाटेच्या खुणा वेगळ्या असतात. त्यातली कोणती वाट शोधायची हे घरून निघण्याआधी ठरवा, नाहीतर संध्याकाळी वही भरलेली असते आणि उत्तर कशाचंच मिळत नाही.

पहिली वाट म्हणजे पुष्कळ डोळे. १९७३ मध्ये शास्त्रज्ञ पुलियम यांनी ती साध्या गणितात मांडली. समजा, हल्ल्याच्या नेमक्या क्षणी एका पक्ष्याची मान वर असण्याची शक्यता २० टक्के आहे. एकटा असेल तर शिकारी दिसण्याची शक्यता तेवढीच. पाच असतील तर कुणा एकाची तरी मान वर असण्याची शक्यता ६७ टक्के, दहा असतील तर ८९, वीस असतील तर जवळपास ९९. हिशेब सोपा आहे: मान खाली असण्याची शक्यता ०.८, ती पक्ष्यांच्या संख्येइतक्या वेळा स्वतःशीच गुणायची आणि १ मधून वजा करायची. यातून दोन गोष्टी हाती लागतात. पहिले दहा पक्षी जेवढा फायदा देतात तेवढा पुढचे शंभर देत नाहीत. आणि थवा मोठा झाला की प्रत्येकाला थोडी कमी टेहळणी करून जास्त वेळ चरता येतं. ही दुसरी गोष्ट दुर्बिणीतून मोजता येते.

दुसरी वाट वाटणीची. शिकारी एका हल्ल्यात एकच पक्षी नेणार असेल, तर शंभरांच्या थव्यात माझा नंबर लागण्याची शक्यता शंभरात एक. पण मोठा थवा लांबून दिसतो आणि त्याच्यावर हल्लेही जास्त होऊ शकतात, म्हणून फायदा कागदावर दिसतो तेवढा नेहमी मिळत नाही. ही वाट तपासायला हल्ल्यांची मोजदाद लागते, आणि एका हिवाळ्यात तेवढे हल्ले पाहायला मिळणं कठीण. नवख्याने इथून सुरुवात करू नये.

तिसरी वाट आम्हाला सगळ्यात रंजक वाटते. १९७१ मध्ये हॅमिल्टन यांनी दाखवलं की प्रत्येक प्राणी फक्त स्वतःचा जीव वाचवायला शेजाऱ्याच्या आड सरकत राहिला, तरी कळप आपोआप दाटतो. त्यासाठी एकमेकांविषयी काही भावना असायला लागत नाही. याची खूण म्हणजे कड आणि मध्य यांतला फरक. कडेच्या पक्ष्याने जास्त वेळा मान वर केली पाहिजे, आणि धोका दिसताच थव्याचा घेर लहान झाला पाहिजे. दोन्ही गोष्टी नांदूरला मोजता येतात.

चौथी वाट गोंधळाची: एकाच वेळी उडालेल्या शंभर सारख्या पक्ष्यांतून शिकाऱ्याला एक निवडता येत नाही. म्हणूनच थव्यात वेगळा दिसणारा, लंगडणारा, मागे पडणारा पटकन सापडतो. ही वाट डोळ्यांनी पाहायची असेल तर भोरड्यांचा थवा संध्याकाळी ऊस किंवा पाणकणसात उतरताना बघा. ससाणा आला की तो थवा गोळ्यासारखा आवळतो.

हे सगळे फायदे मिळून किती होतात याचं एक जुनं, नेमकं उदाहरण आहे. १९७८ मध्ये केनवर्ड यांनी पाळीव गोशॉक (शिक्र्याच्या कुळातला मोठा शिकारी पक्षी) कबुतरांच्या कुळातल्या रानपारव्यांवर सोडला. एकट्या पारव्यावरचे बहुतेक हल्ले यशस्वी झाले. पन्नासाहून मोठ्या थव्यावरचे अगदी थोडे. आणि मोठे थवे शिकाऱ्याला फार लांबूनच ओळखून उडत होते.

कधी जायचं, काय न्यायचं

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत, स्थानिक वाटाडे मिळतात, आणि त्यांना पक्षी आज कुठे बसले आहेत हे माहीत असतं. निफाडची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे. डिसेंबर-जानेवारीत पाण्यावर धुकं असतं, म्हणून साडेसातच्या आधी मोजणी सुरू करण्यात अर्थ नाही. धुक्यातून काढलेले आकडे नंतर टाकून द्यावे लागतात.

दुर्बीण ८ गुणिले ४२ किंवा १० गुणिले ४२ ची. थवा ८० मीटरपलीकडे असेल तर तिपाईवर लावलेला स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची ताकदवान दुर्बीण) हवाच, कारण मान वर आहे की नाही हे पाहताना हात हलला की निर्णय चुकतो. मोबाईलमधलं स्टॉपवॉच चालतं. अंगठ्याने दाबून मोजायचा काउंटर मिळाला तर मोठ्या थव्यांना फार उपयोगी. वहीत पेन्सिलीने लिहा. पाण्याकाठी दवाने शाई पसरते.

सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडा. समोरून ऊन असेल तर पाण्याच्या चकाकीत काळी आकृतीच दिसते आणि खाली घातलेली मान आणि वर केलेली मान यांतला फरक कळत नाही. पोचल्यावर पंधरा मिनिटं काहीच मोजू नका. तुम्ही आलात हाच पक्ष्यांसाठी एक धोका आहे आणि ती पंधरा मिनिटं तुमच्याविषयीची सावधता उतरायला लागतात.

कोणता पक्षी घ्यायचा

नवख्याची पहिली ओढ तलवार बदक किंवा थापट्याकडे असते. ते देखणे आहेत, पण हिवाळ्यात ही बदकं खाण्याचं मोठं काम रात्री उरकतात. दिवसा ती बराच वेळ डुलक्या काढतात. सकाळच्या पहिल्या तासा-दीड तासानंतर चरणारी बदकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरतात.

म्हणून सुरुवात वारकऱ्यापासून करा. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. म्हणूनच त्याला चांदवाही म्हणतात. तो दिवसाउजेडी चरतो, काठावर येऊन गवतही खातो, आणि तो पांढरा टिळा दोनशे मीटरवरूनही डोक्याची जागा सांगतो. काठावर चरणारे वारकरी घ्या, पाण्यात बुडी मारणारे नको, कारण बुडीच्या काळात तो काय पाहतो हे तुम्हाला ठरवता येणार नाही. एक अडचण मात्र लक्षात ठेवा: वारकरी भांडकुदळ असतो. त्याची मान बऱ्याचदा शेजाऱ्याच्या रागाने वर येते, भोवत्याच्या भीतीने नाही. शिवाय वारकऱ्याने तळातून वर आणलेलं पाणगवत हिसकावायला गडवाल बदकं आजूबाजूला घुटमळतात. तेव्हा वर आलेल्या मानेला "टेहळणी" म्हणण्याआधी नजर कुठे आहे ते पाहा.

"थवा" आणि "वर" यांची व्याख्या

थवा म्हणजे काय हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि सबंध हंगाम बदलू नका. आमची सूचना: जो पक्षी दुसऱ्या कुठल्याही पक्ष्यापासून दहा अंगलांबींच्या आत आहे तो त्या थव्यातला. वारकऱ्याची अंगलांबी साधारण ४० सेंटिमीटर, म्हणजे चार मीटरचं अंतर. आकडा पाच घेतला तरी चालेल, पंधरा घेतला तरी चालेल, फक्त रोज तोच हवा. थवा मोजताना पन्नासपर्यंत एकेक मोजा. त्यापुढे दहांचा एक गठ्ठा डोळ्यात बसवून ते गठ्ठे मोजा. दोघांनी वेगवेगळं मोजून मग आकडे जुळवा.

कडेचा पक्षी म्हणजे ज्याच्या किमान एका बाजूला मोकळं पाणी किंवा मोकळी जमीन आहे, पलीकडे थव्यातला कुणी नाही. मधला म्हणजे चारी बाजूंना शेजारी असलेला. ज्याच्याबद्दल शंका आहे तो सोडून द्या.

आता "वर". सर्वसाधारण व्याख्या अशी: डोळे पाठीच्या रेषेच्या वर आणि चोच चरत नाही. वारकऱ्याला ती पुरते. बदकांना पुरत नाही, आणि याचं कारण त्यांच्या डोळ्यांत आहे. थापट्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना इतके वर बसलेले असतात की चोचीने पाणी गाळताना त्याला डोक्यावरचं आणि मागचंही दिसत राहतं. चरताना नजरेवर विसंबणाऱ्या तरंग (विजन) बदकाला मात्र डोक्यामागचा थोडा भाग दिसत नाही. त्यामुळे "चरतोय म्हणजे आंधळा" हे समीकरण थापट्याच्या बाबतीत साफ चुकतं. बदकं घेणार असाल तर चरण्याचे तीन प्रकार वेगळे लिहा: चोच पाण्यात पण डोळे बाहेर, डोकं पाण्यात, आणि बूड वर करून उलटं. फक्त शेवटच्या दोन स्थितींत पक्षी खरोखर बेसावध असतो. हा फरक न केल्यामुळे कितीतरी मोजण्या वाया जातात.

प्रत्यक्ष मोजणी

एका पक्ष्यावर साठ सेकंद. बघणारा पक्षी निवडतो, "सुरू" म्हणतो, आणि मान वर-खाली होताना प्रत्येक वेळी बोलतो. लिहिणारा स्टॉपवॉचवरची सेकंद टिपतो: ०४ वर, ०७ खाली, १९ वर, २१ खाली. साठ सेकंद संपल्यावर तीन आकडे काढा. मान एकूण किती सेकंद वर होती, किती वेळा वर आली, आणि सगळ्यात लांब "खाली" किती सेकंदांचं होतं. तिसरा आकडा बहुतेक लोक काढत नाहीत, आणि खरं तर तोच शिकाऱ्याच्या कामाचा. भोवत्याला सरासरीशी देणंघेणं नाही. त्याला पाणकणसाच्या आडून बाहेर पडून झडप घालायला पुरेल एवढी एक लांब फट हवी असते. पक्षी साठाच्या आत उडाला, झोपला किंवा दुसऱ्याच्या आड गेला तर ती नोंद खोडा. अर्धवट नोंदीला गुणून साठ करायचं नाही.

पक्षी निवडताना मोठी चूक होते. दुर्बीण लावली की नजर मान वर केलेल्या पक्ष्यावरच जाते, कारण तो उठून दिसतो. अशाने प्रत्येक थवा आहे त्यापेक्षा जास्त सावध निघतो. त्यावर साधा उपाय: स्टॉपवॉच न बघता थांबवा, शेवटचा अंक पाहा, आणि थव्याच्या डाव्या टोकापासून तितकावा पक्षी घ्या. अंक शून्य आला तर दहावा. मोठ्या थव्यात आधी डावा, मधला, उजवा असे तीन भाग पाडून पाळीपाळीने एकेक घ्या.

एका थव्यातून चार पक्षी पुरेत, दोन कडेचे, दोन मधले. त्याहून जास्त घेतल्याने काम वाढतं, पुरावा वाढत नाही. एकाच थव्यातली दहा बदकं एकाच वाऱ्यात, एकाच खाद्यावर, एकाच भोवत्याच्या नजरेखाली असतात. त्यांना दहा वेगळे पुरावे समजलात तर निकाल खोटा ठाम दिसेल. पुरावा एक थव्यामागे एक. हंगामभरात एकटा ते पाच, सहा ते पंचवीस आणि सव्वीसच्या पुढे अशा तीन गटांत किमान दहा-दहा थवे जमले की बोलण्यासारखं काही हाती येतं. एकटे पक्षी मिळवणं सगळ्यात कठीण. ते दिसले की बाकीचं सोडून आधी त्यांची नोंद करा.

याच्या जोडीला दर दोन मिनिटांनी थव्यावर डावीकडून उजवीकडे एकच नजर फिरवा आणि लिहा: एकूण किती, मान वर किती. दहा वेळा करा. हा आकडा एका पक्ष्याचा नसून थव्याचा आहे, आणि पुढे याचं मोल कळेल.

वहीत प्रत्येक नोंदीपुढे हे रकाने आखा: तारीख, वेळ, जात, थव्याची संख्या, कड की मध्य, सर्वांत जवळचा शेजारी किती अंगलांबींवर, आडोशापासून अंतर (२० मीटरच्या आत, २० ते ५०, त्यापुढे), खाणं काय, ढग आणि वारा, काठावर माणसं-कुत्री-गुरं, आणि गेल्या दहा मिनिटांत शिकारी पक्षी दिसला का. रकाने भरायला कंटाळा येतो. पण तेच रकाने पुढे निकाल तारतात.

पहिल्या दिवशी एक सराव कराच. स्कोपला मोबाईल लावून एका पक्ष्याचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, दोघांनी तो स्वतंत्रपणे मोजा. मान वर असण्याच्या सेकंदांत पाचपेक्षा जास्त फरक आला तर तुमच्या दोघांच्या "वर"ची व्याख्या एक नाही. ती जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

भोवत्या आला तर

मोजणी थांबवा, मोबाईलवर व्हिडिओ सुरू करा. हा क्षण आधी ठरवून ठेवला नाही तर हातून जातो.

बहुतेक मोबाईल सेकंदाला ३० चित्रं घेतात. घरी गेल्यावर चित्र-चित्र पुढे सरकवून पाहा: पहिली मान वर आली ते चित्र, थव्यातल्या निम्म्या मानांचं चित्र, शेवटच्या मानेचं चित्र. पंधरा चित्रं म्हणजे अर्धं सेकंद. पहिला कोण होता, कडेचा की मधला, हेही दिसतं. ट्रेहर्न आणि फॉस्टर यांनी १९८१ मध्ये पाण्यावर चालणाऱ्या सागरी किड्यांच्या घोळक्यात हेच मोजलं होतं. ज्यांना शिकारी दिसलेलाही नाही त्यांच्यापर्यंत शेजाऱ्याच्या हालचालीतून इशारा पोचतो, आणि तो शिकाऱ्यापेक्षा वेगाने पुढे सरकतो. १८०५ च्या ट्रॅफलगरच्या लढाईत एका जहाजावरून दुसऱ्यावर निशाणांनी निरोप गेला, त्यावरून या गोष्टीला ट्रॅफलगर परिणाम म्हणतात.

कोणत्या शिकाऱ्याला कोणता प्रतिसाद मिळतो हे जातीनुसार लिहा, कारण पक्षी शिकाऱ्यांत भेद करतात. भोवत्या पाण्यावरून खाली-खाली आला की बदकं उडतात, कारण पाण्यावर बसलेलं सावज उचलणं त्याला जमतं. बहिरी ससाणा आला तर तीच बदकं बहुधा पाण्यालाच चिकटून राहतात. ससाण्याचं बळ हवेत आहे. वारकरी भोवत्याला बघून एकमेकांना खेटतात, काळा गालिचा होतो आणि पाणी उडवत राहतात. हॅमिल्टनचं म्हणणं पाहायचं असेल तर ते इथे पाहा. ऑस्प्रे मासे खाणारा, त्याच्याखाली थवा बऱ्याचदा शांत असतो. घार दिसली म्हणून पान भरून टाकू नका, पण थव्याने तिच्याकडे दुर्लक्ष केलं ही नोंदही नोंदच आहे.

स्वतः पक्षी उडवून पाहायचे नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्यात वन्यप्राण्यांना त्रास देणं गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला दर उड्डाणाची किंमत अंगावरच्या चरबीतून मोजावी लागते. माणूस किती जवळ आल्यावर पक्षी उडतो हे मोजायचंच असेल तर शहरातल्या साळुंक्या घ्या. सरळ, एकाच चालीने चालत जा, त्या उडाल्या त्या क्षणी पावलांची संख्या लिहा.

काय चुकतं आणि का

१९८९ मध्ये एल्गर यांनी तोवर झालेल्या अशा अभ्यासांचा कठोर आढावा घेतला. त्यांचा मुख्य आक्षेप हा की थवा मोठा झाल्याने मान कमी वेळा वर येते असं ज्यांनी दाखवलं, त्यांतल्या फार थोड्यांनी बाकीची कारणं वगळली होती. नांदूरला तीच कारणं अशी समोर येतात.

खाद्य. जिथे खाणं भरपूर तिथे थवा मोठा होतो, आणि खाणं भरपूर असेल तर मान खालीच राहते. यात संख्येचा काही हात नसतो. दाटीत खाणाऱ्यांना शेजाऱ्याच्या आधी खायची घाईही असते. म्हणून एकाच खाचरात, एकाच गवतावर लहान आणि मोठे थवे शोधा.

आडोसा. एकटे पक्षी पाणकणसाच्या जवळ जास्त दिसतात आणि पाणकणसात भोवत्या दडून येतो, तेव्हा एकट्याची सावधता एकटेपणाची की जागेची? आडोशापासूनच्या अंतराचा रकाना याचसाठी आहे.

पाणी. वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडलं की बंधाऱ्यातली पातळी बदलते, उघडी दलदल पाण्याखाली जाते आणि थवे रातोरात जागा बदलतात. पाणी सुटण्याआधीचे आणि नंतरचे आकडे एकत्र मिसळू नका.

थंडी. कडाक्याच्या सकाळी पक्ष्याला भूक जास्त, म्हणून तो मान कमी वेळा वर करतो. नऊला मोजलेला लहान थवा आणि अकराला मोजलेला मोठा थवा यांची तुलना करू नका.

आवाज. जानेवारी ते मार्च द्राक्षांचा हंगाम. बागांत पाखरं हाकलायला फटाके वाजतात, गोफणी फिरतात. एक फटाका झाला की पुढची दहा मिनिटं मोजणी बंद. मात्र वेळ लिहून ठेवा: मोठ्या थव्यात खोट्या इशाऱ्यावर उडण्याचे प्रसंगही जास्त येऊ शकतात, आणि ती थव्यात राहण्याची खरी किंमत आहे.

आकडेमोड

प्रत्येक थव्यातल्या दोन कडेच्या पक्ष्यांची सरासरी काढा, दोन मधल्यांची वेगळी काढा. आलेख कागदावर आडव्या रेषेवर थव्याची संख्या १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी दुपटीने मांडा, उभ्या रेषेवर मान वर असण्याची टक्केवारी. साध्या अंतराने संख्या मांडली तर सगळे लहान थवे डाव्या कोपऱ्यात चेंगरतात आणि मुख्य घसरण दिसतच नाही. कडेचे ठिपके एका रंगात, मधले दुसऱ्यात. दोन्ही रंग खाली घसरले पण कडेचा रंग वर राहिला, तर पुष्कळ डोळे आणि आड सरकणं अशा दोन्ही वाटा तुमच्या पाण्यावर चालू आहेत. मधलाच रंग घसरला आणि कडेचा सपाट राहिला, तर संख्येपेक्षा जागा महत्त्वाची आहे. मोठ्या थव्यात मधले पक्षी जास्त असतात, म्हणून कड-मध्य वेगळं न केलेला अभ्यास जागेचा परिणाम संख्येच्या खात्यावर टाकतो.

आता दर दोन मिनिटांच्या नजरफेरीकडे वळा. समजा दहांच्या थव्यात एकेका पक्ष्याची मान २० टक्के वेळ वर आहे. प्रत्येकाने दुसऱ्याकडे न बघता मान वर केली, तर शंभरातल्या ८९ नजरफेऱ्यांत किमान एक मान वर दिसायला हवी. तुम्हाला ७० च दिसल्या, तर पक्षी एकमेकांचं बघून एकदम माना वर करत आहेत आणि मधे सगळेच बेसावध राहत आहेत. ९७ दिसल्या, तर ते पाळी लावत आहेत. हा फरक ओळखायला शंभर फेऱ्या हव्यात. एका थव्याच्या दहा फेऱ्यांवरून काही बोलू नका. सारख्या आकाराच्या थव्यांच्या फेऱ्या एकत्र करा.

पाण्यापासून लांब

खरी पाळी बघायची असेल तर सातभाईंकडे जा. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी नेहरू वनोद्यानात आणि शहरातल्या कुठल्याही जुन्या बागेत त्यांच्या टोळ्या पाचोळा उलथताना सापडतात. टोळी खाली चरत असताना एखादा वर फांदीवर बसून पहारा देतो, तो उतरला की दुसरा चढतो. इथे मान मोजायची नाही. पहारेकरी किती मिनिटं बसला, दोन पहाऱ्यांच्या मधे किती वेळ फांदी रिकामी राहिली, आणि टोळी किती जणांची होती एवढंच लिहा. रिकाम्या फांदीचा वेळ लहान टोळीत जास्त निघतो का ते पाहा. जवळ कोतवाल बसलेला असेल तर तेही लिहा. शिक्रा दिसताच आधी तोच ओरडतो आणि अंगावर जातो. नाव उगाच पडलेलं नाही.

येवला तालुक्यात ममदापूरच्या माळावर काळवीट आहेत. तिथे मानेबरोबर मोजण्यासारखं आणखी एक आहे: उघड्या गवतावरचे कळप आणि झुडपांजवळचे कळप. उघड्यावर एकमेकांना पाहता येतं म्हणून मोठा कळप एकत्र टिकतो. झुडपांत तो तुटतो. कळपाची संख्या आणि पन्नास मीटरच्या आत झुडूप आहे की नाही, एवढे दोन रकाने पुरतात. रस्त्यावरून, गाडीतून उतरल्याशिवाय मोजा.

आणि नांदूरला परत आलात, दुपारचे बारा वाजले, बदकं झोपली, तर वही मिटू नका. झोपलेला थवा ही उत्तम संधी आहे. १९९९ मध्ये रॅटनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ओळीत झोपलेल्या मॅलार्ड बदकांवर दाखवलं की टोकाची बदकं अर्ध्या मेंदूने, एक डोळा उघडा ठेवून झोपतात, मधल्यांच्या अडीच पट. उघडा डोळा बहुतेक वेळा थव्याच्या बाहेरच्या बाजूचा असतो. स्कोप ४० पटीवर न्या, कडेचं एक हळदी-कुंकू किंवा तलवार बदक धरा, आणि दहा मिनिटं दर दहा सेकंदांनी लिहा: तुमच्या बाजूचा डोळा उघडा की मिटलेला, आणि ती बाजू थव्याकडची की मोकळ्या पाण्याकडची. बदक वाऱ्याने फिरून दुसरी बाजू तुमच्याकडे आली तर तिथे आडवी रेघ मारा आणि नोंद चालू ठेवा. फिरल्यानंतर कोणता डोळा उघडतो, तेच पाहायचं आहे.